माशाबरोबर लाल वाइन, आणि माझी इतर मालमत्ता

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा लाल वाइन करणे, लिहून ठेवते की आज सकाळपासून मी चाखण्यापुरतीही घेतलेली नाही, माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे सारे मी राजीखुशीने लिहीत आहे. वकीलबाई अधूनमधून घड्याळ बघतात, तेवढाच काय तो दबाव. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे मी रागाच्या भरात केली होती. ती रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या यजमानांना. त्यांनी माझ्या वाइनमध्ये बर्फ टाकला आणि तरीही मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षे संसार केला, याची नोंद व्हावी. त्यांचा स्टीलचा ग्लास त्यांच्याकडेच राहावा. चांगल्या पेल्यांना त्यांनी हात लावू नये.

२. ते चांगले पेले शेजारच्या मळेवाल्यांना. संच बाराचा, पण पेले अकरा आहेत. बारावा कोणी फोडला आणि आळ मांजरावर ढकलला, हे त्यांना ठाऊक आहे.

३. द्राक्षमळा, तळघर, तिथली एकतीस लाकडी पिंपे आणि पिंपातून वाइन काढून चाखायची काचेची नळी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. सहा वर्षे ती माझ्या हाताखाली राबली आणि उलट उत्तरेही देत आली. दोन्ही गोष्टींची या कामाला गरज आहे. दर सोमवारी पिंपे काठोकाठ भरावीत. वाइन थोडी थोडी उडून जाते आणि वर जागा रिकामी राहिली की खालची आंबते. पिंपांच्या बाबतीत हे मी एकदाही विसरले नाही. माणसांचे पुढच्या कलमात येते.

४. माझा धाकटा भाऊ आमच्या भोजनगृहाचा आचारी होता. वाइन मी करायची, तिच्याबरोबर काय खायचे ते त्याने ठरवायचे. गडद लाल असेल तर मंद आचेवर शिजलेले मटण, मधली असेल तर आळंबी किंवा मुरलेले चीज. नऊ वर्षांपूर्वी चाळीस पाहुणे टेबलावर बसलेले असताना त्याने आमची सर्वांत हलकी लाल वीस मिनिटे बर्फात ठेवली आणि निखाऱ्यावर भाजलेल्या माशाबरोबर वाढली. लाल वाइनच्या तुरटपणाने माशाला लोखंडाची चव येते, असे आम्ही सगळे शिकलेलो. मी सर्वांदेखत ओरडले, "माशाबरोबर लाल? अक्कल गहाण टाकलीस का?"

त्याने एप्रन काढला, घडी केली. "ताई, एक घास तरी खाऊन बघ," म्हणाला. मी खाल्ला नाही. तो गेला. आता तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि मी दिसले की रस्ता ओलांडतो.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघराला आतून कडी लावून मी तसाच मासा केला, तीच वाइन गार केली. अख्खा मासा संपवला आणि ढसाढसा रडले. तो बरोबर होता. थोरलीने चुकायचे नसते अशा समजुतीत मी नऊ वर्षे गप्प बसले.

काल भाचीने विचारले, "आत्या, बाबांना काय ठेवलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही? अजून राग आहे तुझा?"

राग नाही, बाळ. वकीलबाई सांगतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून धाकट्याला मी एक बाटलीसुद्धा ठेवलेली नाही. साक्षीदाराला समोर यावे लागते, आणि तेही मी जिवंत असताना. खुंटीवरचा एप्रन माझ्या मालमत्तेत धरू नये. तो त्याचाच आहे, मी फक्त धूत आले. सह्या येत्या रविवारी दुपारी होतील, तेव्हा मासा मी स्वतः भाजणार आहे. त्याने एवढ्यासाठी तरी यावे.

स्थळ: भोजनगृह, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: द्राक्षतोडणी संपल्यानंतरचा पहिला रविवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला, आम्हाला बुचे पुरवणारे: (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ, आचारी: (सही) वाइन बरोबर गार होती. मासा पार करपवलास. पुढच्या रविवारी मी करतो, ताई. तोवर मरू नकोस.