शेवटचं कोरं पान

३ नोव्हेंबर
माझं पुस्तक छापून आलं. ‘चूक असं काही नसतंच’. मुलांचा हात मोकळा करणारं चित्रांचं पुस्तक. शेवटचं पान मुद्दाम कोरं, खाली एकच ओळ: ‘आता तू काढ.’ लोकांना छपाईची चूक वाटेल, म्हणे प्रकाशक. गाढव.

संकल्प: आस्टाला पुन्हा चित्रं काढायला लावायचं. पोरगी सहा वर्षांची, उन्हाळ्यापासून एक रेघ ओढलेली नाही. शाळेनेच बिघडवलंय.

५ नोव्हेंबर
आस्टापुढे कोरं पान ठेवलं. नको बाबा, तू परत नीट करशील, म्हणाली. उन्हाळ्यात तिच्या घोड्याचा पाचवा पाय मी खोडला, ते अजून उगाळतेय. घोड्याला चारच पाय असतात, यात माझा काय दोष? गुद्रून म्हणाली, स्वतःच्या पुस्तकाचं नाव वाच एकदा. बायकोशी वाद घातला नाही. दार वाऱ्याने आपटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
लायब्ररीत मुलांसमोर वाचन. घाबरू नका, मनात येईल ते काढा, असं बजावलं. एकाने जांभळी गाय काढली. प्रेमाने समजावलं. रडला. हल्लीच्या पोरांना काही बोलायची सोय नाही. आस्टा मागे बसून. दालचिनीचा रोलसुद्धा खाल्ला नाही.

१२ नोव्हेंबर
गुद्रून आस्टाला लायब्ररीत घेऊन गेली. मला विचारलंही नाही. आस्टाची बोटं पेन्सिलीने काळी. हसत होती. हात धुवायला लावले.

१४ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. लायब्ररीत माझं पुस्तक नीट दिसतंय का पाहायला गेलो, तर शेवटचं पान कुणीतरी बरबटवलेलं. टकल्या, ढेरपोट्या माणूस, हातात हातभर खोडरबर, पुढे घोडा पळतोय. त्यालाही पाच पाय. साथच आलीय.

लायब्ररीतली युटे म्हणाली, अरे प्रेबेन, ‘काढ’ असं तूच लिहिलंयस ना? मी म्हटलं, घरच्या पुस्तकात. लायब्ररीच्या नव्हे. एवढी अक्कल नको? तिच्याकडे खोडरबर मागितला, देईना. माझ्या खिशात असतोच. चाळीस मिनिटं लागली. पान पांढरंशुभ्र झालं.

१५ नोव्हेंबर, सकाळी
आस्टा आज खुशीत. न सांगता बूट घातले. लायब्ररीत चल बाबा, तुला गंमत दाखवायचीय, म्हणाली. माझ्या पुस्तकाचा गुण आलाच. गुद्रूनला तसं ऐकवलं.

१५ नोव्हेंबर, दुपारी
आस्टाने शेवटचं पान उघडलं. बराच वेळ पाहिलं. पुस्तक जागेवर ठेवलं. युटेने आज न मागता खोडरबर माझ्यापुढे सरकवला.

घरी येऊन ते चित्र परत काढायला बसलो. टक्कल जमलं, ढेरी जमली. घोड्याचा पाचवा पाय नेमका कुठे होता, ते काही केल्या आठवेना. स्वतःचाच राग आला. शेवटी आस्टाला विचारलं.

नव्हताच, बाबा, म्हणाली. घोड्याला चारच असतात.