हिरवी गाडी आणि मामांची जागा

एल आल्तो,
रविवार दुपार

तीर्थरूप एलेउतेरियोमामा यांस,

ग्रोव्हरचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? ओरुरोत थंडी वाढली असेल, तर मामींनी विणलेली टोपी झोपतानाही काढू नका, असा आईचा निरोप आहे. (ती टोपी कधी धुतली, हेही तिने विचारायला सांगितले आहे. मी विचारत नाही, फक्त कळवतो.) गेल्या वर्षी मामी गेल्यापासून तुम्ही एकटे जेवता, हे आईला सहन होत नाही. आमच्याकडे राहायला या म्हटले, की तुम्ही म्हणता, "मी काय बटाट्याचं पोतं आहे, कुणाच्याही घरात आणून टाकायला?" म्हणून आईने ठरवले, की घरची मोठी गाडी घ्यायची आणि तुम्हाला सन्मानाने न्यायला यायचे. निवड माझ्यावर सोपवली, तेव्हापासून मला धड झोप नाही.

एकाच दुकानात, परवडतील अशा तीन गाड्या पाहिल्या. पांढरी सर्वांत स्वस्त आणि सात जणांची, पण तिसऱ्या रांगेत बसल्यावर माझे गुडघे कानांपाशी आले. शिवाय ला पासहून वर येणाऱ्या चढावर तिला अशी धाप लागली, की आईने दम लागल्यावर चघळायची कोकाची पाने काढून विक्रेत्याला विचारले, "हिचं तोंड कुठे आहे?" निळी मात्र दमदार. चढ तिला जाणवत नाही, खड्डे कळत नाहीत. पण ती पेट्रोल फार पिते, आणि उंच इतकी, की आईला तिच्या घेरदार पोयेरा घागऱ्यासकट आत चढवायला मी वरून ओढत होतो आणि धाकटी नायरा खालून ढकलत होती. "हळू रे, मी काय पोतं आहे?" आई ओरडली. (तुम्ही दोघे सख्खी भावंडे आहात, यात शंका नाही.) लाल गाडीत बसणे सोपे, मागे सामानाला ऐसपैस जागा, सुटे भागही कोपऱ्यावर मिळतात, पण तिचे पोट आमच्या गल्लीतल्या दगडांना घासते. मी तिच्याखाली तिसऱ्यांदा वाकून पाहिले, तेव्हा नायरा म्हणाली, "दादा, गाडी घेतोयस की सोयरीक जुळवतोयस?"

एवढे झाल्यावर आईने शालीतून जानेवारीच्या जत्रेतली बोटभर गाडी काढली. भर दुपारी बाराला धूप दाखवून, दारू शिंपडून आशीर्वाद घेतलेली, हिरवी. जत्रेत बोटभर घेतलेली वस्तू एकेको देव वर्षभरात खरी करून देतो; आशीर्वाद हिचा घेतला, तेव्हा गाडीही अशीच येणार, असे तिचे म्हणणे. विक्रेता म्हणाला, "बाई, हिरव्या रंगात येतच नाही." आई म्हणाली, "मग एकेको देवाला तुम्हीच जाऊन सांगा." त्याने रंगांचा तक्ता मिटून ठेवला. (त्याच्याही टेबलावर जत्रेतले बोटभर दुमजली घर होते.)

तुम्ही आयुष्यभर मिनीबस चालवली. कोणती गाडी घ्यावी, ते सविस्तर कळवावे. तब्येतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
ग्रोव्हर

ता. क. सल्ल्याची घाई नाही. निळी गाडी काल घेतली. शेजारच्या रंगाऱ्याने ती हिरवी केली आहे.

ता. क. २. दुकानाचा माणूस गाडी दारात लावून, स्वागताला दारावर बांधलेल्या फुलांच्या माळेखालून वाकून निघून गेला, तेव्हा माझ्या लक्षात आले, की आमच्या घरात कोणालाच गाडी चालवता येत नाही. तेव्हा तुम्हाला न्यायला तुम्हीच यावे. बसने.

ता. क. ३. आई म्हणते, तिच्या हे आधीपासून लक्षात होते. तिने ती बोटभर गाडी मला पुन्हा दाखवली. आत चालकाच्या जागी एक मातीचा माणूस चिकटवलेला आहे, आणि त्याच्या डोक्याला मामींच्या उरलेल्या लोकरीची टोपी आहे.