विमानाची हळहळ

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र का, म्हणून आधी दचकशील. सगळं ठीक आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हा उद्योग. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तुझं 'माझ्यामुळे तुझं आयुष्य' सुरू होतं, मग तू रडतेस, मग मी समजूत घालते, आणि तू इकडे माझ्याकडे राहायला यायचा मूळ मुद्दा राहूनच जातो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. चष्मा लाव, चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

बातमी अशी की तुझी धाकटी बहीण या वयात इंग्रजी शिकते आहे. हसू नकोस. या परमुलखात, शिवणाच्या दुकानात माझं आजवर खाणाखुणांवर छान भागत होतं. पँटची उंची कमी करायची तर टाचणी लावून दाखवायची, चेन बदलायची तर ओढून दाखवायची. पण गेल्या थंडीत एक म्हातारे गृहस्थ आपल्या बायकोचा कोट घेऊन आले. बायको गेलेली. कोट मुलीच्या मापाचा करून हवा होता. ते बराच वेळ काहीतरी सांगत होते, बाहीवरून हात फिरवत होते, आणि मी आपली 'येस, येस' करत उभी. कोट झकास झाला, पण त्या माणसाशी दोन धड शब्द बोलता आले नाहीत याची मला फार लाज वाटली. म्हणून वाचनालयातल्या संध्याकाळच्या फुकट वर्गात नाव घातलं.

वर्गात एकेक नग आहे. एक बेकरीवाला, एक ट्रक चालवणारी बाई, आणखी काही जण. प्रत्येकाची भाषा निराळी, त्यामुळे मोडक्यातोडक्या इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. शिकवणाऱ्या बाई निवृत्त आहेत, पण दरारा अजून नोकरीतलाच. भाजीबाजार झाला, दवाखाना झाला, आणि मागच्या आठवड्यात बाईंनी धडा काढला तो आठवणींचा आणि पश्चात्तापाचा. 'आय युज्ड टु' म्हणजे पूर्वी करायचे, आता नाही. 'इट रिमाइंड्स मी' म्हणजे हे पाहिलं की ते आठवतं. 'आय शुड हॅव' म्हणजे करायला हवं होतं, आणि 'आय विश आय हॅड' म्हणजे केलं असतं तर किती बरं झालं असतं. या सगळ्याला इंग्रजीत शब्द एकच, 'रिग्रेट'. मला गंमत वाटली. आपल्याकडे बस चुकली की चुटपुट, सांगायचं राहिलं की रुखरुख, दुसऱ्याचं नुकसान झालं की हळहळ. शब्द उतरवून घेताना तूच सारखी डोळ्यांसमोर येत होतीस. तुझ्याकडे हे सगळे प्रकार आहेत आणि सगळे माझ्याच नावाने.

मग बाईंनी खेळ घेतला. एकेकाने उभं राहून आपला एक पश्चात्ताप सांगायचा, खरा किंवा रचलेला. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि हात वर करून खरं की खोटं ते ठरवायचं. बेकरीवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की वडिलांबरोबर एकही फोटो काढला नाही. सगळ्यांनी खरं मानलं, तर पठ्ठ्याने खिशातून फोटोच काढून दाखवला. ट्रकवाली म्हणाली, घर बदलताना मांजर शेजाऱ्यांना द्यायला नको होतं. आम्ही हसून खोटं म्हणालो, तर तिच्या डोळ्यांत पाणी.

माझी पाळी आली तेव्हा मला शोधावं लागलंच नाही. माझी हळहळ आपल्या घरात तयारच आहे, सगळ्यांना पाठ. विमानाची. मी घडाघडा सांगितलं. मी हवाई सुंदरी म्हणून निवडले गेले होते. त्याच वेळी माझ्या बहिणीला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला बंदी केली, मग बाळ अशक्त जन्मलं, मी मदतीला म्हणून गेले आणि तिथेच राहिले. ट्रेनिंग हुकलं. 'आय विश आय हॅड गॉन.' एकही चूक नाही. बाईसुद्धा खूश.

मग ट्रकवालीने विचारलं, तिथे राहून तू करायचीस काय? आणि ताई, मी त्या बाळाबद्दल, तुझ्या चिमीबद्दल सांगायला लागले. शिवणयंत्राच्या आवाजाशिवाय ती झोपायचीच नाही, आठवतं? मी तिला कपड्यांच्या टोपलीत घालून यंत्राशेजारी ठेवायची आणि शिवायला काही नसलं तरी रिकामं यंत्र चालवायची. त्यातूनच तर मी शिवण शिकले. शब्द संपले तेव्हा मी हातांनी सांगितलं, पाय हलवून सांगितलं. टोपली कशी डुलायची तेही करून दाखवलं.

मत घेतलं, तर सगळे हात 'खोटं'कडे. मला रागच आला. म्हटलं, शपथेवर सांगते, अक्षरन् अक्षर खरं आहे. बेकरीवाल्याने शांतपणे मान हलवली आणि म्हणाला, "विमान खोटं. बाळ खरं."

घरी येताना डोक्यात तेच. आणि मुलाखतीचा तो दिवस आठवला. उंच टाचांचे उसने बूट, हसत हसत चालून दाखव, पुन्हा चाल, पुन्हा हस. जबडा दुखून आला होता. मग तुझा निरोप आला. सगळे माझी समजूत घालत होते आणि मी ते बूट पलंगाखाली सरकवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाढ झोपले. आई म्हणाली, पोरीचं स्वप्न मोडलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. पुढे आकाशात विमान दिसलं की तू गप्प व्हायचीस, तुला सोबत म्हणून मीही गप्प व्हायची. इतकी वर्षं आपण दोघी नसलेल्या माणसाचं सुतक पाळत बसलो. मला रस्त्यातच हसू फुटलं, आणि मग इतकं हायसं वाटलं की दोन स्टॉप आधीच उतरून पायी आले.

तर आता मुद्दा. भावोजी गेल्यापासून तू त्या तिसऱ्या मजल्यावर दुखरा गुडघा धरून एकटी आहेस, आणि ये म्हटलं की म्हणतेस, एकदा तुझं आयुष्य घेतलं, पुन्हा नाही घेणार. तू काही घेतलं नाहीस, ताई. मला जे हवं होतं ते तुझ्याच घरी, टोपलीत होतं. मागची खोली रिकामी केली आहे, तुझ्या पलंगाला खिडकीची बाजू. येत्या शनिवारी तुला न्यायला येते आहे. चिमी म्हणत होती, विमानाचं तिकीट काढून देते, तासाभरात पोचशील. मी नको म्हटलं. दिवसभर गाडीत बसून येईन. मला ना, विमानाची भयंकर भीती वाटते. हे मी आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगते आहे.

तुझीच,
धाकटी