साठ साल कोणत्या दशकात

१२ मार्च १९७०, गुरुवार
ऑफिसात नोटीस. उकव्याच्या खाणीवर कारकून कमी पडताहेत, म्हणून शतकाच्या सातव्या दशकात नोकरीला लागलेले सगळे तिकडे. आधीचे बालाघाटलाच. यादी नागपूरचं नवं यंत्र काढणार. मी जुलै साठचा. साठ साल कुठे धरणार, कोणी बोलत नाही. काहीतरी शिजतंय.

१४ मार्च
नागपूरहून यंत्राला शिकवणारा कोलते आलाय, पंचविशीचा पोरगा. प्रत्येकाच्या कार्डावर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. त्यातला पहिला सहा दिसला की सातवं दशक. म्हणजे एकोणसाठवाला जुना, मी नवा! म्हटलं, शून्य साल कधी झालंच नाही, मोजणी एकपासून, दशक एकसष्ट ते सत्तर. हसला. "काका, यंत्राले दोनी सारखेच. मले सांगतील ते मी त्याले सांगन." सांगणार कोण, तेच तर कळत नाही.

१६ मार्च
कोलते बोकड्याकडे जेवायला. बोकडे म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधला, ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावरचा. तो अठ्ठावन्नचा, कसंही मोजा, सुखरूप. विहीर आमच्या परसात, त्याच्या नाही. त्याची बायको रोज पाण्याला येते. आज आमच्या घराकडे जरा जास्तच बघत होती.
आमची ही, सुशीला, म्हणते, तुम्हाला सगळीकडे काळंच दिसतं. दिसतं खरं. तिची नोकरी इथल्या मराठी शाळेत, उकव्याला तिला शाळा कुठली? ती इथे, मी तिथे. मला नाही जमायचं ते.

१९ मार्च
बोकडे आणि कोलते चहाच्या टपरीवर. मी गेलो तसे गप्प झाले. बो. म्हणाला, बसा ना भाऊ. बसलो नाही.

२१ मार्च
कोलत्यानेच सांगितलं. बो. रोज त्याच्या मागे लागलाय, साठ साल जुन्यात धरा म्हणून. माझ्यासाठी.
बरं वाटायला हवं होतं. वाटलं, आमच्या जागी दुसरं कोणी आलं तर पाणी मिळणार नाही, म्हणून असेल.

२३ मार्च
साहेबांनी बोलावलं. दशक कसं धरायचं ते नागपूरने इथूनच लिहून मागितलंय, यंत्र तेच मानणार. "आप ही लिख दीजिए, हिसाब के पक्के आदमी हैं." माझं साल त्यांना आठवत नसावं. की आठवतं म्हणूनच?
एका दमात लिहिलं, १९६१ ते १९७०. बो.ला वाचून दाखवलं. त्याने कागद परत दिला.
"बराबर हाय भाऊ. पन यंदा एक जानेवारीले तुमीच पेढे वाटले ना, नवं दशक लागलं म्हून?"
वाटले होते. त्या दिवशी शून्य सालाची आठवण मला झाली नव्हती.

२४ मार्च, मंगळवार
डाक दुपारी जाते. कागद अजून खिशात. सकाळी सुशीलाला विचारलं, खरं काय धरू? ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, "मले नका इचारू. मी तर तुमी इथंच राहाल तेच खरं म्हनीन."
शेजारी झाला, साहेब झाले, यंत्र झालं. आता माझाच मला भरवसा वाटत नाही. एकसष्ट ते सत्तर हे बरोबर आहे, अजूनही वाटतं. पण मी त्रेसष्टला लागलो असतो तर इतकं बरोबर वाटलं असतं का
कोलते टेबलाशी येऊन उभा आहे. कागद मागतोय.