मागे राहिलेली

माझ्या हट्टी आत्यास,

युद्ध सुरू झालं तेव्हा त्या बंद शाळेतल्या इस्पितळात आपण सहाच नर्स होतो. तू नियम केलास, प्रत्येकीने आणखी दोघींना तयार करायचं. मोठे डॉक्टर हसले होते. आज आपण चारशे जणी आहोत, तू अकरा इस्पितळं सांभाळतेस आणि तेच डॉक्टर नर्स मिळावी म्हणून तुझ्याकडे अर्ज करतात!

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बाकीच्यांना आघाडीवर धाडून तू मला शिकवायला मागे ठेवलंस, तेव्हा वाटलं, भाची म्हणून जपतेस. वर्षभर तुझ्याशी धड बोलले नाही.

काल आघाडीवरून एक सैनिक आला. मांडीची मोठी शीर तुटूनही जिवंत होता.

"गाडी येईपर्यंत एका पोरीने ती बोटांनी दाबून धरली," तो म्हणाला. "रडत होती, पण म्हणायची, आमच्या बाईंनी सोडायचं नाही म्हणून सांगितलंय."

त्या बाई म्हणजे मी, आत्या.

आज मला आघाडीवर जायचा हुकूम आला, मीच मागून घेतलेला. तो मी परत पाठवला. सोमवारी चाळीस नव्या मुली यायच्या आहेत.

हे पत्र मात्र टाकणार नाही. तू म्हणशील, "पुराण पुरे, पट्ट्या उकळल्यास का?"

उकळल्या.

तुझी भाची