बंब आला

बुधवार, यिशुन, सिंगापूर

रागही येतोय आणि हसूही येतंय.

संध्याकाळी ऑफिसमधून निघतानाच लेकीचा, मीराचा, मेसेज आला. आजीचा फोन आला होता, तिच्याकडे फायर इंजिन आलं, खूप धूर झाला, आता ओके लाह. ते ‘लाह’ तिचं सिंगापुरी शेपूट. ओके काय ओके! साताऱ्याच्या घरात आई एकटी. चांगीहून यिशुनपर्यंत, सगळ्या प्रवासात तिला फोन लावत राहिले. उचलेचना. सगळीकडे धूर, आणि आई त्यात कुठे? दुसरं काही डोळ्यांपुढे येईना.

स्टेशनबाहेर पडले आणि तिचाच फोन आला. आवाज ठणठणीत.

‘‘अगं, कसली आग? पाणी तापवायचा बंब घेतला नवा. तांब्याचा. वीज सारखी जाते, त्या गीझरच्या भरवशावर किती दिवस राहायचं? पहिल्यांदा पेटवला तर नुसता धूर. धुराड्यात पॅकिंगचा पुठ्ठा तसाच राहिलेला! तो काढला, ढलप्या घातल्या, मग काय छान जाळ धरला.’’

घरी येऊन मीराला झापलं, तर म्हणते, ‘‘बंब मीन्स फायर इंजिन, तूच शिकवलंस!’’ खरंच की. चित्रांच्या पुस्तकातला लाल बंब मीच दाखवला होता. पाण्याचा बंब तिने पाहिलाय कुठे?

पण राग जाईना. आईला पुन्हा फोन करून विचारलं, ‘‘मग इतका वेळ फोन का नाही उचललास?’’

‘‘आंघोळीला बसले होते. सकाळची झाली होती गं, पण एवढं कढत पाणी! उठवेचना.’’