भिंतीवरचे ठोके

धाकट्या,

आपलं घर विकायचे कागद घेऊन तुझा दलाल आज सकाळी माझ्या सहीसाठी आला, म्हणून हे लिहिते आहे. पत्र टाकणार मात्र नाही, कारण तू लगेच फोनवर लाडीगोडी लावशील.

"मावशी, या गजबजाटात एकट्या कशा राहता? उद्या काही झालं तर कोणाला कळणार?" दलाल म्हणाला. हे तूच त्याला पढवलेलं असणार. तेवढ्यात भिंतीवर ठोके पडले. तो दचकला.

"शेजारचा शिंपी आहे," मी म्हटलं. "मी जिवंत आहे का, ते विचारतोय."

मी उठून उलट ठोकलं, तशी पलीकडून हाक आली, "बाई, आज उशीर केलात! मी मशीन सोडून निघालोच होतो."

हे रोज सकाळी चालतं. तुझ्या लिफ्टवाल्या शांत इमारतीत कोणी भिंत ठोकली, तर तू तक्रार करशील. मी इथून हलणार नाही.

आज दिलं ते असं: दलालाला चहा आणि सही न केलेले कागद. शिंप्याला माझा पितळी बत्ता. त्याची बोटं दुखतात, आणि मला हल्ली जरा कमी ऐकू येतं.

तुझी ताई